कापूस उठला, मैदान राहिलं

चकलांब्याहून मुंबईला आलो तेव्हा हार्बर लाइनवरच्या ‘कॉटन ग्रीन’ स्टेशनाचं नाव ऐकून हसू आलं होतं. कापूस कधी हिरवा असतो का? आमच्या गेवराई तालुक्यात बोंड हिरवं असतं. ते उकललं की पांढरंच. पुढं फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी मिळाली, दुपारचा डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत उघडायला लागलो आणि नावाचा उलगडा झाला. ‘ग्रीन’ म्हणजे मैदान. ज्या जमिनीवर बसून मी भाकरी खात होतो, तेच.

किल्ल्याच्या तटाआतलं हे बॉम्बे ग्रीन. एका अंगाला १७१८ सालचं सेंट थॉमस चर्च, समोर १८३३ साली उभा राहिलेला टाउन हॉल आणि मधल्या मोकळ्यात कापसाच्या गाठींच्या थप्प्या. पाऊस आला की गाठी भिजायच्या. १८४४ साली सरकारनं हा बाजार कुलाब्याला हलवला. कापूस गेला तो नावही बरोबर घेऊन गेला. कुलाब्यातल्या बाजाराला कॉटन ग्रीनच म्हणू लागले आणि तिथून बाजार शिवडीकडं सरकला तेव्हा नावही सरकलं.

मागं राहिलेल्या मैदानाचं मात्र पडक्या वाड्याच्या जागेचं होतं तेच झालं. येईल त्यानं टाकून जायचं. नारळाच्या झावळ्या, केरकचरा, वर कबुतरांचे थवे. टाउन हॉलच्या रुबाबदार पायऱ्यांसमोर, म्हणजे थेट साहेबाच्या नाकासमोर, उकिरडा! उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. या उकिरड्याला वीसेक वर्षं लागली.

ती फिटवायची कल्पना निघाली पोलीसप्रमुख चार्ल्स फॉर्जेटच्या डोक्यातून. हा १८५७ च्या धामधुमीत वेष पालटून शहरात हिंडायचा. दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यामागंही हाच. त्याच माणसाला मैदानाभोवती गोलाकार इमारती आणि मधोमध बाग सुचावी, हे मला अजून नीट पचत नाही. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि मागून आलेले बार्टल फ्रिअर या दोन्ही गव्हर्नरांनी ते उचलून धरलं. नगरपालिकेनं जमीन घेतली, कडेचे प्लॉट पाडून कंपन्यांना नफ्यानं विकले. काळही साधला होता: १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस अडलेला, आणि मुंबईत पैशाचा पूर. इथून हाकललेला कापूस असा पैसा होऊन परतला. १८७२ साली काम पुरं झालं. मधे ओतीव लोखंडाचं कारंजं होतं, ते आता नाही. नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल.

स्वातंत्र्यानंतर एका इंग्रजाचं नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचं लावलं, पण तो आपल्या बाजूचा. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन, त्यांना सरकारनं १९१९ मध्ये हद्दपार केलं होतं.

काळा घोडा महोत्सव १९९९ पासून सुरू झाला आणि त्याचे कार्यक्रम या बागेतही व्हायला लागले. तिकीट नाही, कुणीही या. एका फेब्रुवारीत माय गावाकडून आली होती, तिला घेऊन गेलो. वेचणी नुकतीच उरकली होती, बोंडाच्या टोकांनी बोटं अजून ओरखडलेली. स्टेजवर नाच चाललेला. मी तिला सांगितलं, आपण बसलोय तिथं पूर्वी कापूस पडलेला असायचा, पावसात भिजायचा.

तिनं नाचावरची नजर काढली, खालच्या गवतावरून हात फिरवला.

“भिजला म्हंजी भाव पाडला आसंल की रं,” माय म्हणाली.