विश्लेषण: इंग्लंडच्या शाळेत नोकरी करायची आहे? क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे!

‘बी.एड. झालंय? यूकेत शिक्षकांची मोठी मागणी. व्हिसाची हमी.’ अशा रील्स गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकांच्या फीडमध्ये दिसू लागल्या आहेत. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या शिक्षकाला ही जाहिरात खुणावणारच. शिवाय त्यातली निम्मी गोष्ट खरी आहे. इंग्लंडमध्ये गणित आणि विज्ञानाच्या, विशेषतः भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची खरोखरच कमतरता आहे आणि भारतीय शिक्षकांसाठी तिथला दरवाजा अधिकृतपणे उघडलेला आहे.

खोटी आहे ती ‘हमी’. व्हिसा एजंट देत नाही, क्यूटीएसचं प्रमाणपत्रही देत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेने नोकरी द्यावी लागते आणि स्पॉन्सरशिपही द्यावी लागते. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, खर्च किती येतो आणि फसवणूक कुठे होते, ते समजून घेऊया.

क्यूटीएस म्हणजे काय?

क्यूटीएस म्हणजे ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’. इंग्लंडमध्ये पात्र शिक्षक म्हणून मिळणारी ही सरकारी मान्यता आहे. पूर्वी भारतात शिकलेल्या शिक्षकांना ती थेट मिळत नसे. फेब्रुवारी 2023 पासून भारत, नायजेरिया, घाना, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे अशा काही देशांतले शिक्षक आपल्या देशात बसूनच ऑनलाइन अर्ज करू शकतात. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्याला कोणतंही शुल्क नाही. म्हणजे ‘क्यूटीएस काढून देण्याचे’ म्हणून कोणी पन्नास हजार मागत असेल, तर तो एका मोफत अर्जाचे पैसे घेतोय.

भारतीयांसाठी यात काही अटी आहेत. पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची हवी, बी.एड.सारखं शिक्षक प्रशिक्षण झालेलं हवं, शिकवण्याचा किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव हवा आणि इंग्रजीचा पुरावाही द्यावा लागतो. सर्वात महत्त्वाची अट विषयाची आहे. 11 ते 16 वयोगटाला गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्याची पात्रता असेल, तरच या मार्गाने अर्ज करता येतो. भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांसारख्या. मराठी किंवा हिंदीचे शिक्षक यात बसत नाहीत.

त्यामुळे इतिहास-भूगोल शिकवणारे किंवा डी.एड. करून पहिली ते चौथीला शिकवणारे शिक्षक या रांगेत नाहीत. त्यांच्यासाठी ‘आयक्यूटीएस’ नावाचा वेगळा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. इंग्लंडमधल्या मान्यताप्राप्त संस्था तो परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी चालवतात. पण त्याची फी भरावी लागते आणि त्यातूनही व्हिसा मिळत नाही.

लक्षात ठेवण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे क्यूटीएस फक्त इंग्लंडपुरतं असतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिक्षकांच्या नोंदणीची व्यवस्था वेगळी आहे.

मग व्हिसा कसा मिळतो?

परदेशी शिक्षकांसाठी मुख्य मार्ग म्हणजे ‘स्किल्ड वर्कर व्हिसा’. त्याची सुरुवात अर्जदाराकडून होत नाही, शाळेकडून होते.

शाळेकडे परदेशी कर्मचारी आणण्याचा सरकारी परवाना असावा लागतो. असा परवाना असलेल्या सर्व संस्थांची यादी ब्रिटिश गृह खातं जाहीर करतं. ती कुणालाही मोफत पाहता येते. शाळेने मुलाखत घेऊन निवड केली की ती ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते. नाव सर्टिफिकेट असलं तरी हा भिंतीवर लावायचा कागद नाही. ती संगणकीय नोंद असते आणि तिचा एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो.

यादीत नाव आहे म्हणजे ती शाळा स्पॉन्सर करतेच असंही नाही. परवाना असूनही अनेक शाळा कागदपत्रांचा व्याप आणि खर्च नको म्हणून स्थानिक उमेदवाराला पसंती देतात. प्रत्येक सर्टिफिकेटसाठी शाळेला 525 पौंड आणि त्याशिवाय वर्षाच्या हिशेबाने ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ भरावा लागतो. हे दोन्ही खर्च शिक्षकाकडून वसूल करायला नियमाने बंदी आहे.

शाळा शोधायची कुठे?

ब्रिटिश सरकारचंच ‘टीचिंग व्हॅकन्सीज’ हे मोफत संकेतस्थळ आहे. कोणती शाळा व्हिसा स्पॉन्सर करायला तयार आहे, हे त्यावर जाहिरातीतच दिलेलं असतं आणि त्यानुसार यादी गाळताही येते.

वेळेचं गणितही महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होते, इंग्लंडमध्ये सप्टेंबरमध्ये. तिथल्या शिक्षकाला उन्हाळी सुट्टीनंतर नोकरी सोडायची असेल, तर साधारण 31 मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून सप्टेंबरसाठीच्या जागा फेब्रुवारी ते मे या काळात जास्त निघतात. जुलैमध्ये शोध सुरू करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

मुलाखत ऑनलाइन होऊ शकते. त्यात विषयाइतकाच भर ‘सेफगार्डिंग’वर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेवर असतो. एखाद्या मुलाच्या अंगावर मारहाणीचे वण दिसले तर शिक्षक म्हणून काय कराल, असे प्रश्न हमखास येतात. त्याची तयारी न करता गेलेला चांगला गणित शिक्षकही मागे पडू शकतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

स्पॉन्सरशिपचा क्रमांक हाती आला की अर्जदाराचं काम सुरू होतं.

• इंग्रजी: 8 जानेवारी 2026 पासून नव्या अर्जदारांसाठी इंग्रजीची पातळी बी-वन वरून बी-टू झाली आहे. ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ परीक्षेत याचा अर्थ वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण या चारही भागांत किमान 5.5. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर ‘एक्टिस’ या संस्थेकडून पडताळणी करून घेऊन परीक्षा टाळता येते.

• पोलीस पडताळणी: शिक्षण क्षेत्रातल्या नोकरीसाठी ही अनिवार्य आहे. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’ मिळतं. गेल्या 10 वर्षांत दुसऱ्या एखाद्या देशात 12 महिने किंवा त्याहून अधिक राहिला असाल, तर तिथलंही लागतं.

• टीबीची तपासणी: ब्रिटिश गृह खात्याने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही.

• बँकेतली शिल्लक: खात्यात किमान 1,270 पौंड सलग 28 दिवस असावे लागतात. पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी शाळेने घेतली असेल, तर ही अट लागू होत नाही.

भारतातून केलेल्या अर्जावर निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

पगार किती, खर्च किती?

सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा वार्षिक पगार लंडनबाहेर 32,916 पौंड आणि मध्य लंडनमध्ये 40,317 पौंड आहे. त्यातून कर, पेन्शन आणि घरभाडं वजा होतं. शिक्षकांना व्हिसासाठी सरकारी वेतनश्रेणीनुसार पगार लागतो आणि तो कोणत्याही परिस्थितीत 25,000 पौंडांपेक्षा कमी चालत नाही.

इथे क्यूटीएसचा खरा उपयोग कळतो. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला क्यूटीएस नसतानाही चार वर्षांपर्यंत शिकवता येतं. पण ‘अपात्र शिक्षक’ म्हणून मिळणारी वेतनश्रेणी 25,000 पौंडांच्या खाली सुरू होते. तिच्या तळाच्या पगारावर व्हिसा मिळत नाही.

आता खर्च. एप्रिल 2025 मध्ये ठरलेल्या दरानुसार तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाचं शुल्क 769 पौंड होतं. त्याशिवाय आरोग्य अधिभार दरवर्षी 1,035 पौंड आणि तोही संपूर्ण काळासाठी आगाऊ. म्हणजे एका व्यक्तीसाठी तीन वर्षांचे 3,874 पौंड. एका पौंडाला 115 रुपये धरले तर सुमारे साडेचार लाख रुपये.

शिक्षकांना जोडीदार आणि मुलांना सोबत नेता येतं. पण व्हिसाचं शुल्क प्रत्येकाचं वेगळं आणि मुलांसाठी आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. पती-पत्नी आणि एक मूल असा हिशेब केला तर हा आकडा 10,845 पौंडांवर, म्हणजे साधारण साडेबारा लाखांवर जातो. विमानाचं तिकीट आणि घराचं डिपॉझिट त्यात धरलेलं नाही. हे दर वारंवार बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा दर अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच पैशांची जुळवाजुळव करावी.

फसवणूक कशी ओळखायची?

सर्वात मोठी खूण म्हणजे स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं. ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी एजन्सीला उमेदवाराकडून फी घेता येत नाही. भारतातही परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्यामुळे ‘सर्टिफिकेटचे 12 लाख, निम्मे आधी’ असा सौदा कोणत्याच देशाच्या नियमात बसत नाही.

दुसरी खूण म्हणजे पद. 22 जुलै 2025 पासून या व्हिसासाठी नोकरी साधारणपणे पदवी पातळीची असावी लागते. ‘टीचिंग असिस्टंट म्हणून नेतो, तिथे गेल्यावर शिक्षक व्हाल’ हे आश्वासन त्यामुळे पोकळ ठरतं.

तिसरी खूण म्हणजे नोकरी देणारा कोण हे स्पष्ट नसणं. शाळांना तात्पुरते शिक्षक पुरवणारी एजन्सी साधारणपणे अशा शिक्षकांना स्पॉन्सर करू शकत नाही. ऑफर लेटरवर शाळेचं नाव हवं. मग ती शाळा परवानाधारकांच्या यादीत आहे का ते पाहावं आणि शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून खात्री करावी. एजंटने दिलेल्या नंबरवर नाही.

तिथे पोहोचल्यानंतर?

हा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा मिळतो आणि तो त्या नोकरीशी बांधलेला असतो. शाळा बदलायची असेल तर नव्या शाळेची स्पॉन्सरशिप घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. नोकरी गेली, तर नवी शाळा शोधण्यासाठी साधारणपणे 60 दिवस मिळतात, नाहीतर परत यावं लागतं. घरच्या कर्जाचा हप्ता त्या पगारावर अवलंबून असेल, तर हे 60 दिवस फार लवकर संपतात.

कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क आतापर्यंत पाच वर्षांनी मागता येत होता. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने तो काळ 10 वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून ‘पाच वर्षांत पक्कं’ हे गृहीत धरून इथलं घर विकू नये.

थोडक्यात

गणित किंवा विज्ञानाच्या अनुभवी शिक्षकासाठी हा मार्ग खरा आहे, पण त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मोफत क्यूटीएस, मग शाळा, मग त्या शाळेची स्पॉन्सरशिप आणि सर्वात शेवटी व्हिसा. शाळेने निवड करेपर्यंतच्या टप्प्यांत क्वचित एखाद्या इंग्रजी परीक्षेच्या फीपलीकडे मोठा खर्च येत नाही. शाळेचं नावही कळण्याआधी कोणी लाखांची मागणी करत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.