सोयाबीन, सलाईन आणि लिव्हर

आमच्या जालना जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन कुणाला नवे नाहीत. पण तेच सोयाबीनचं तेल तान्ह्या बाळांच्या शिरेतून देतात हे वाचलं आणि मी उडालोच!

1967, फिलाडेल्फिया. आतडं जवळजवळ नसलेली एक मुलगी जन्मली. अशी बाळं तोवर उपाशीच जायची. डॉ. ड्युड्रिक आणि डॉ. विल्मोर यांनी तिला हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून साखर, अमिनो आम्लं दिली. पोरगी चक्क वाढू लागली, सुमारे 22 महिने जगली. शिरेतून देता येईल असं सोयाबीन तेल त्याआधीच स्वीडनच्या व्रेटलिंद यांनी बनवलं होतं.

मग बग सापडला. शिरेतून पोसलेल्या बाळाचं लिव्हर बिघडल्याची नोंद 1971 मध्ये झाली. तशा केसेस वाढतच गेल्या. कारण एकच नाही. तोंडाने काही न गेल्यानं पित्त तुंबतं, इन्फेक्शन भर घालतं, आणि पुढे कळलं की सोयाबीन तेलातले फायटोस्टेरॉलही.

आम्ही सर्व्हर बंद करून पॅच टाकतो. इथे सलाईन बंद केलं तर बाळ जातं, चालू ठेवलं तर लिव्हर! बोस्टनच्या डॉ. प्युडर आणि कॅथलीन गुरा यांनी माशाच्या तेलाचा उपाय पुढे आणला. त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट 2018 साली.

असो. डॉक्टर थेंबभर का होईना, आईचं दूध तोंडाने सुरू करायची घाई का करतात, ते आता कळलं.