प्रतिष्ठान नगरी आणि तिच्या वाटा

पैठणचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत तीन गोष्टी आठवतात : शालिवाहन, नाथ आणि पैठणी. पैकीं नाथांचें चरित्र घरोघर ठाऊक आहे, व पैठणीची कीर्ति आम्हीं सांगावी असें नाहीं. पहिल्या गोष्टीसंबंधीं मात्र चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें. कुंभाराच्या घरीं वाढलेल्या मुलानें मातीचे शिपाई जिवंत केले, विक्रमास जिंकलें व शक सुरू केला, ही कथा गोड खरी, परंतु इ. स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शकाच्या आरंभींच्या शतकांतील लेखांत शालिवाहनाचा नामनिर्देशच नाहीं. तें नांव त्या गणनेस पुष्कळ मागाहून जोडलें गेलें. मग कथा बाजूस ठेविली असतां पैठणाजवळ उरतें काय? आमच्या मतें, कथेहून मोलाचें असें बरेंच उरतें.

प्रथम भूमि पाहूं. गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते, नाशिकावरून पूर्वेस वळते, टोक्याजवळ प्रवरेस पोटांत घेते आणि पैठणास येते. नगर तिच्या उत्तर तीरावर आहे. सभोंवार काळी जमीन. तिच्या खालीं काळा पाषाण. व त्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीकाच्या जातीचे खडे. पावसाळ्यांत दुथडी भरणारी ही नदी उन्हाळ्यांत रोडावते. तेव्हां समुद्रापर्यंत माल वाहून नेण्यासारखा बारमाही जलमार्ग तिच्यापासून मिळण्याजोगा नव्हता. पाणी, सुपीक माती आणि तीर्थाची प्रतिष्ठा नदीनें दिली. परंतु नगराचें भाग्य उघडलें तें वाटांनीं.

या वाटा मुख्यत्वें तीन. एक उत्तरेस सातमाळ्याचे डोंगर ओलांडून खानदेशांत व पुढें भडोचेस जाई. दुसरी जुन्नरावरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्यास. तिसरी तेरकडे, म्हणजे प्राचीन तगराकडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक प्रवासवृत्तांत म्हटलें आहे कीं, भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणाहून मौल्यवान खडे व तगराहून जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांत घालून आडवाटांनीं भडोचेस येई.

येथें कोणीही विचारील कीं, कल्याण जवळ असतां माल इतक्या दूर कां जावा? उत्तर त्याच ग्रंथांत आहे. कल्याणचें बंदर पूर्वीं खुलें होतें. मागाहून सत्ता पालटली, आणि तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस पाठविलीं जाऊं लागलीं. किनाऱ्यावरच्या राजकारणानें पैठणच्या गाडीवानाची वाट ठरविली ती अशी. हें राजकारण सातवाहन व क्षहरात यांच्या झगड्याचें होतें. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला, असें नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतो, आणि इ. स. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं, त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. विजयाचा याहून रोकडा पुरावा कोणता हवा? पुढें टॉलेमीनें पैठणास ‘पोलेमायोस’ची, म्हणजे पुळुमावीची, राजधानी म्हटलें आहे.

परंतु राजांपाशींच थांबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. उत्तरेच्या त्या डोंगरांत पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. तेथील एका खांबावर कोरलें आहे कीं, हा खांब प्रतिष्ठानच्या मित्रदेव नामक गांधिकाच्या कुळाचें दान होय. दुसरा त्याच नगरीच्या संघकाच्या पुत्रांनीं दिला. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याला चमत्कार ठाऊक नव्हता. पण दूरच्या लेण्यांत आपल्या गांवाचें नांव लिहवून ठेवावें, इतका अभिमान व तेवढें द्रव्य त्याच्यापाशीं होतें. शालिवाहनाच्या कथेंतील मातीचे शिपाई उठले कीं नाहीं हें कथाकारच जाणे. हा अत्तरवाला मात्र निःसंशय होऊन गेला.

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकांत मावळली, तरी नगर उजाड झालें नाहीं; गेल्या शतकाच्या अखेरच्या उत्खननांत त्यानंतरच्या विटांच्या देवळांचे पाये निघाले. १९७६ मध्यें पुरें झालेल्या जायकवाडीच्या धरणानें नगराच्या वरच्या अंगास नदीचा सागर केला, त्याला नाथांचें नांव दिलें आणि मराठवाड्याच्या शेतीस पाणी दिलें. तें योग्यच झालें. मात्र गांवाजवळच्या पांढरीखालीं जी नगरी निजली आहे, ती अजून बहुतांशीं न वाचलेल्या पोथीसारखी आहे. पांढरीची माती कुदळीनें उकरून नेली, तर हें पान कायमचें फाटेल. पैठणास जाणाऱ्यांनीं नाथांचें दर्शन अवश्य घ्यावें, पैठणीही आणावी. पण पायाखालीं खापराचा तुकडा लागला तर तो लाथाडूं नये. शालिवाहनाच्या कथेंत कुंभार आहे तो उगीच नव्हे. या नगरीचा खरा इतिहास त्यानें भाजलेल्या मातींतच शिल्लक आहे.