वाटाण्याचा अंकुर आणि पन्नास पौंडांचा कॅमेरा

के. आर. पुरममधल्या एखाद्या विद्यार्थ्याला आज मूग उगवताना टिपायचे असेल, तर तो खिडकीत मोबाइल टेकवून ‘टाइम-लॅप्स’ची कळ दाबील. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी हेच केले, तेव्हा त्यांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण पडलेल्या होत्या.

त्या पैशावर ते फेब्रुवारीत लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला. कोडॅकची कच्ची फीत आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्रही मागवले. हे यंत्र किरकोळ समजू नये. फीत छिद्रांविना येई, आणि छिद्रांची ओळ अचूक नसेल तर पडद्यावर चित्र थरथरे. हे काम अंधारात करावे लागे. ते सरस्वतीबाई फाळके यांनी आत्मसात केले. या कॅमेऱ्याच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या ओळीत यावयास हवे.

परत आल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ टिपली. तीच ‘अंकुराची वाढ’. रोज एक चित्र घेतले आणि मिनिटभराची फीत तयार झाली, असे सर्वत्र सांगितले जाते.

येथे विज्ञानाच्या वाचकाने पेन्सिल हाती घ्यावी. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ चित्रे. म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एकच चित्र घेतले असते, तर महिन्याची फीत दोन सेकंदांत संपली असती! मिनिट भरण्यासाठी दिवसाला तीसेक चित्रे हवीत. बारा तासांच्या उजेडात साधारण दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. ‘रोज एक’ ही सांगण्याची सोय असावी, किंवा फीत तरी मिनिटाहून पुष्कळ लहान असावी. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरत नाहीत.

मला पहिली शक्यता अधिक पटते, कारण तीत कष्ट अधिक आहेत. हातकॅमेऱ्याचा दांडा एरवी सेकंदाला दोन फेरे फिरवायचा, फेऱ्याला आठ चित्रे. येथे मात्र एकेका चित्रापुरता हात आवरायचा. तिपाई महिनाभर केसभरही हलू द्यायची नाही. रोप उंच होणार, म्हणून पहिल्याच दिवशी चौकटीत वर मोकळी जागा सोडायची. उजेड बदलला की चित्र लुकलुकणार. आणि फीत धुतल्याशिवाय यातले काहीच कळणार नाही: चूक झाली असेल, तर ती महिन्यानंतर दिसणार.

फीत साधली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांना ती दाखवण्यात आली आणि कर्जाची वाट मोकळी झाली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तोच दांडा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता, कॅमेरा चालवण्यास त्यांना फाळक्यांनीच शिकवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांपुढे आला.