पन्नास हर्ट्झची गोष्ट: कळंबचा पंप आणि टेस्ट बेंचवरची वीज

तुमच्या मोबाइलच्या चार्जरवरची बारीक अक्षरं कधी वाचलीत? तिथे लिहिलेलं असतं, '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ'. चार्जरला दोन्ही चालतं. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला, चिंतामणीच्या गावाजवळच्या एखाद्या विहिरीवरचा पंप घ्या. त्याला हा आकडा जरा इकडेतिकडे झालेला सोसत नाही. म्हणून आज बोलूया फ्रिक्वेन्सीबद्दल, आणि कारखान्यात माल तपासताना ती मुद्दाम बदलणाऱ्या यंत्राबद्दल.

आधी हा आकडा आला कुठून? सुरुवातीला सगळा सावळागोंधळ होता. १८९५ मध्ये नायगाऱ्याची वीज सुरू झाली ती २५ हर्ट्झवर. १९१८ मध्ये एकट्या लंडनमध्ये दहा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी होत्या. जपानात टोकियोने जर्मन जनरेटर घेतले म्हणून तिकडे ५०, ओसाकाने अमेरिकन घेतले म्हणून ६०. तो देश आजही असाच अर्धा-अर्धा आहे! आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, ती ५० हर्ट्झची. पुढे देशभर ५० हेच प्रमाण झालं.

पण कागदावर ५० असणं वेगळं आणि तारेत ५० असणं वेगळं. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की जनरेटर मंदावतात, फ्रिक्वेन्सी घसरते. मध्यरात्री मागणी पडली की ती वर चढते. २००२ च्या आधी आपल्या ग्रिडमध्ये संध्याकाळी ४८ च्या आसपास आणि रात्री ५१ च्या वर, असे हेलकावे नवे नव्हते.

आता पंपाचं काय होतं ते बघा. ४८ हर्ट्झ म्हणजे मोटरचा वेग ४ टक्के कमी. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तो जवळपास ८ टक्के कमी. विहीर खोल असेल तर पाण्याची धार लगेच बारीक होते. व्होल्टेज तेवढंच राहिलं, तर मोटरच्या लोखंडात चुंबकत्व ४ टक्के जास्त, म्हणजे उष्णताही जास्त. व्होल्टेजही पडलं, तर मोटर करंट जास्त ओढते. दोन्हीकडून वाइंडिंगच तापतं. आणि मोटर जळाली की रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. बेंचवर बरोब्बर ५० हर्ट्झवर पास झालेला पंप शेतात टिकेलच, याची हमी नसते ती यामुळेच. आम्ही कोडवाले नाही का, सगळं ठीक असताना चालणाऱ्या प्रोग्रामवर भरवसा ठेवत नाही, तसंच हे.

मग मुद्दाम ४७ किंवा ५३ हर्ट्झ आणायचे कसे? जुन्या काळी एक मोटर आणि तिला जोडलेला अल्टरनेटर असायचा. मोटरचा वेग बदला, फ्रिक्वेन्सी बदलते. आज हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं: आलेल्या एसीचं आधी डीसी करायचं, आणि मग त्या डीसीतून हवी तशी एसी घडवायची. डीसीला फ्रिक्वेन्सीच नसते, म्हणून हे जमतं. याचा थोरला भाऊ बघायचा असेल तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला चला. पश्चिम आणि दक्षिण ग्रिड तेव्हा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालत होते. १९९७-९८ मध्ये तिथे १००० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं आणि मधे डीसी ठेवून त्याने दोघांना जोडलं.

असा सोर्स निवडताना लोक पहिल्यांदा किंमत विचारतात. विचारायला हवं हे: माल जाणार कुठे? भारतातल्या शेतात जाणार असेल तर ४५ ते ६५ हर्ट्झ पुरे. अमेरिकेत जाणार असेल तर ६० हर्ट्झसोबत तिथलं १२० व्होल्टही लागेल. विमानात बसणारी वस्तू असेल, तर ४०० हर्ट्झ, कारण विमानातली वीज बहुतेक त्यावर चालते. दुसरं, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. नेहमीच्या लोडएवढाच सोर्स घेतला, तर तो पहिल्याच झटक्यात ट्रिप होतो. तिसरं, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या बदलता आल्या पाहिजेत, कारण कमी फ्रिक्वेन्सी आणि जास्त व्होल्टेज ही जोडी लोखंडाला सगळ्यात जड जाते. चौथं, बाहेर येणारी लाट स्वच्छ हवी. नाहीतर मोटर सोर्समुळेच तापेल आणि दोष मोटरला लागेल.

आता तुम्ही म्हणाल, ग्रिड तर सुधारलं. खरंच सुधारलं. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात, देशात सगळ्यात आधी, फ्रिक्वेन्सी कमी असताना जादा वीज ओढणाऱ्याला महाग दर लावायला सुरुवात झाली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं. २०१४ पासून नियमातला पट्टा आहे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ.

मग तपासणी सोडायची का? नाही. लाइन गेली की गावात डिझेल जनरेटर सुरू होतो, आणि लोड पडल्यावर त्याची फ्रिक्वेन्सी आजही डगमगते. पंप पंधरा-वीस वर्षं वापरायचा असतो. त्याला चांगले दिवस भेटतील तसे वाईटही भेटतील, आणि ते वाईट दिवस आधी कारखान्यात दाखवायचे, एवढंच या यंत्राचं काम.

तुमच्या घरच्या मोटरच्या पाटीवर किती हर्ट्झ लिहिलंय? बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!