खाली माग, वर घर

इचलकरंजीत पाहण्यासारखं काय आहे, असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात तेव्हा आमच्याकडे उत्तर तयार नसतं. कोल्हापूरला अंबाबाईचं देऊळ आहे, रंकाळा आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, खिद्रापूरला कोपेश्वराचं कोरीव मंदिर आहे. पाहुणे या ठिकाणांना जाता-येता आमच्या गावात चहा घेतात, मागांचा खडखडाट ऐकतात, 'इथं राहता कसे हो तुम्ही?' असं विचारतात आणि पुढं निघतात. आज त्या खडखडाटाबद्दलच बोलायचं आहे. कारण माझ्या मते इचलकरंजीची ऐतिहासिक वास्तू तोच आहे, आणि तो आता हळूहळू थांबत चालला आहे.

थोडं मागं जाऊ. इचलकरंजीच्या जहागीरदारांचं आडनाव घोरपडे, पण मूळ पुरुष नारो महादेव हे कोकणातल्या जोशी घराण्यातले. लहानपणीच वडील गेले, आईबरोबर घाट चढून वर आले आणि सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी वाढले. मालकाच्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी जोशी सोडून घोरपडे हे नाव लावलं. चाकरानं धन्याचं आडनाव घ्यावं आणि पुढं त्याच नावानं जहागीर चालावी, असं उदाहरण आपल्या इतिहासात विरळाच. नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव यांना पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी अनुबाई दिली. म्हणजे थोरल्या बाजीरावांची ही सख्खी बहीण. पतीच्या माघारी अनुबाईंनी जहागिरीचा कारभार स्वतः पाहिला. वासुदेवशास्त्री खरे यांनी इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहून ठेवला आहे, त्यात ही बाई ठसठशीतपणे भेटते. गावात मात्र तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

इंग्रजी अमलात ही जहागीर कोल्हापूर दरबाराच्या मांडलिकांत गणली जाऊ लागली. अधिकारांवरून दोन्हीकडची ओढाताण बराच काळ चालली, तिच्यात आज शिरायला नको. सांगायची गोष्ट वेगळी आहे. 1892 ते 1943 अशी पन्नासहून अधिक वर्षं इचलकरंजीच्या गादीवर श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. गाण्याचा शौक असलेला, पुस्तकांवर खर्च करणारा हा जहागीरदार. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या नावात आमचं गाव आलं ते याच दरबारामुळं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे गुरू. 1901 च्या सुमारास या गावाची वस्ती बारा-तेरा हजारांच्या घरात होती. एवढ्याशा गावात बुवांसारखा गवई राहत होता, हे आज सांगितलं तर शाळेतली मुलं विश्वास ठेवत नाहीत.

त्याच बाबासाहेबांच्या पाठबळानं 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी गावात यंत्रमाग आणला. त्यांच्या कारखान्याचं नाव श्री व्यंकटेश रंगतंतू मिल. साल लक्षात घ्या. बंगालच्या फाळणीनं स्वदेशीची चळवळ पेटायला अजून एक वर्ष होतं. रेल्वे 1891 मध्ये कोल्हापूरपर्यंत आली ती हातकणंगल्यावरून, इचलकरंजीला तिनं बगल दिली ती दिलीच. आसपास कापूस पिकवणारा मोठा मुलूख नाही, दगडी कोळसा नाही, घरोघरी वीज यायला अजून काही दशकं होती. मग उद्योग इथंच का रुजला? मला दिसतं ते एवढंच, की हाताशी दोन गोष्टी होत्या. एक, हातमागावर बसलेले कोष्टी आणि साळी. देवांग कोष्टी समाजाची वस्ती इथं जुनी. सुताशी खेळायचं कसब पिढीजात होतं, यंत्र फक्त वेगळं होतं. आणि दुसरी गोष्ट, पाठीशी उभा राहणारा जहागीरदार. जवळच कोल्हापुरात त्याच काळात राजर्षी शाहू महाराज शाहूपुरीची पेठ वसवत होते, गुळाची बाजारपेठ उभी करत होते. त्यांची शाहू मिल 1906 ची. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानं, तीस किलोमीटरच्या आत, एकाच धंद्याची दोन रोपं लागली.

पण ही दोन रोपं वाढली वेगवेगळी. शाहू मिल एका आवारात राहिली. मोठी इमारत, धुराडं, भोंगा, एकच फाटक. ती 2003 मध्ये बंद पडली. इचलकरंजीचा माग मात्र गिरणीतून निसटला आणि घरात शिरला. ज्यानं कारखान्यात काम शिकलं त्यानं कर्ज काढून दोन माग घेतले आणि ते पडवीत मांडले. दोनाचे चार झाले, तेव्हा गोठा हलवून तिथं शेड पडली. जरा बरे दिवस आले तेव्हा वर माडी चढली. खाली माग, वर घर. आमच्या जुन्या पेठांतल्या घरांचा हाच नकाशा. कोणत्याही वास्तुविशारदानं तो काढलेला नाही.

माझं बालपण अशाच माडीवर गेलं. रात्रपाळी चालू असताना आम्ही गाढ झोपायचो, आणि वीज गेली, खालचे माग थांबले, की झोपमोड व्हायची. भिंतीवरचं कॅलेंडर सदा थरथरतं. फुलपात्रातल्या पाण्यावर बारीक तरंग. बायका एकमेकींशी थोडं चढ्या आवाजातच बोलायच्या, त्यामुळं लग्न होऊन बाहेरगावी गेलेली इचलकरंजीची मुलगी सासरी 'किती मोठ्यानं बोलते' म्हणून ओळखली जाई.

शेजारच्या बोळात तर सगळा उद्योगच वस्तीला असे. सुताच्या पेढीवरून बाचकी यायची. सायझिंगमध्ये सुताला खळ देऊन बीम भरला जाई. मग वहिफणीवाला येई. वही आणि फणी यांच्या बारीक छिद्रांतून ताण्याचा एकेक धागा ओढून घ्यायचं त्याचं काम. हजारो धागे, एक चुकला तर कापडभर रेघ. कांड्या भरणारं कुणी, धोटा दुरुस्त करणारं कुणी, माग बिघडला की तेलकट हातांचा जॉबर हजर. मोठ्या गिरणीत जी खाती एका छपराखाली असतात ती इथं गल्लीगल्लीत वाटली गेली. म्हणून मी म्हणतो, हे गाव म्हणजेच एक गिरणी आहे, फक्त तिला फाटक नाही.

सरकारी धोरणांनी या गावाला कधी चिमटा घेतला, कधी हात दिला. पूर्वी इथं रंगीत सुताच्या साड्या विणल्या जात. केंद्र सरकारनं 1950 मध्ये काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवले, तेव्हा मागवाल्यांना माल बदलावा लागला. मग धोतर आलं, पॉपलीन आलं, मलमल आली. 1982 चा मुंबईचा गिरणी संप आठवा. तिथल्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग दिवसरात्र धावू लागले. एका गावाच्या दुःखावर दुसऱ्या गावाची माडी चढली, हे बोलायला कडू वाटतं, पण खरं आहे. काम वाढलं तशी माणसंही आली. आधी उत्तर कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून, नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून.

याच पैशातून गावानं स्वतःला घडवलं. सहकारी सूतगिरणी उभी राहिली, औद्योगिक वसाहती झाल्या. 1974 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, ते पन्नासावं, आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. नाटकवाल्यांसाठी घोरपडे नाट्यगृह आहे. मागाच्या गावात नाटक चालतं का, असं पुण्याकडची मंडळी विचारतात. चालतं. दिवसभर खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला दोन तास स्वच्छ मराठी ऐकायला मिळालं, तर तो पैसे मोजतो.

पण सगळं गोड नव्हतं, आणि नाही. इथले बरेचसे लहान माग 'खर्चीवाले' आहेत. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आणि वीजबिल मात्र मागवाल्याचं. मजुरी मिळते ती पिकावर. पिक म्हणजे बाण्याचा एक धागा. उदाहरणासाठी हिशेब करू. कापडात इंचाला 52 पिक आणि दर पिकाला दहा पैसे ठरला, तर मीटरमागं पाच रुपये वीस पैसे. त्यातून वीज, भाडं, दुरुस्ती आणि कामगाराचा पगार. दर एका पैशानं खाली आला तरी घराचा हिशेब बदलतो. कामगार तर याच्याही एक पायरी खाली. एकेक माणूस चार ते आठ माग सांभाळतो, पाळी बारा तासांची. 2013 मध्ये यंत्रमाग कामगारांचा आणि 2015 मध्ये सायझिंग कामगारांचा दीर्घ संप झाला, तो उगाच नाही. आणि पंचगंगेचं काय झालं तेही पाहा. कापडाच्या प्रक्रियेचं पाणी आणि गावाचं सांडपाणी तिनं किती वर्षं पोटात घ्यायचं? 2012 च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली, माणसं दगावली. ज्या नदीनं गाव वसवलं तिचंच पाणी प्यायची भीती वाटू लागली.

आता साध्या मागाचे दिवस संपत आले आहेत. धोटा नसलेले वेगवान माग आले, ते मोठ्या शेडमध्ये, गावाबाहेरच्या वसाहतींत. त्यांना भांडवल लागतं. सुताचे भाव वरखाली, विजेचे दर चढे, 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, मग करोना. जुने माग भंगाराच्या भावानं, किलोवर विकले गेले, विकले जात आहेत. चाळीस वर्षं घर चालवलेलं यंत्र टेम्पोत चढताना पाहणं सोपं नसतं. जागा रिकामी झाली की शेड पाडून तिथं गाळे उठतात. 2022 मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेतच वस्ती पावणेतीन लाखांच्या पुढं गेली होती, तेव्हा हे होणारच होतं. मोठ्या शहराला मोठे रस्ते हवेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एवढीच, की पाडायच्या आधी कुणी काही टिपून ठेवत नाही. पुरातत्त्व खात्याच्या व्याख्येत आमची घरं बसत नाहीत. त्यांना कोरीव खांब नाहीत, शिलालेख नाही. पत्रा, वीट, लाकडी जिना आणि जमिनीत मागाचे पाय रोवल्याच्या खुणा. पण यंत्रयुग मोठ्या गिरणीच्या वाटेनं न येता पडवीच्या वाटेनं कसं आलं, याचा पुरावा द्यायचा झाला तर तो याच घरांत आहे.

माझ्यासमोर एक चांगलं उदाहरण आहे आणि तेही गावातलंच. जहागिरी गेल्यावर राजवाड्यांचं काय होतं ते आपण महाराष्ट्रभर पाहतो. वाटण्या, खटले, वड-पिंपळ. इचलकरंजीच्या राजवाड्याचं तसं झालं नाही. 1982 मध्ये दत्ताजीराव कदम यांच्या नावानं वस्त्रोद्योग शिक्षणाची संस्था सुरू झाली, तिला गाव डीकेटीई म्हणतं. ती या राजवाड्यात नांदते आहे. जिथून 1904 च्या त्या मागाला पाठबळ मिळालं, त्याच घराण्याच्या वास्तूत आज देशभरातली मुलं विणकामाचं तंत्र शिकतात. राजवाडा टिकला तो त्याला काम मिळालं म्हणून.

तसंच एखाद्या जुन्या मागाच्या घराला काम देता येईल. खाली चार साधे माग चालू स्थितीत ठेवावेत, जॉबर आणि वहिफणीवाला पगारावर नेमावा. वर माडीवर खर्चीच्या जुन्या चोपड्या, बीमच्या पावत्या, कापडाचे नमुने ठेवावेत. या वस्तू अजून घराघरांत आहेत, पोटमाळ्यावर, गाठोड्यात बांधलेल्या. हजारो धागे हातानं ओढणारी बोटंही आहेत, पण ती साठीच्या पुढची. डीकेटीईच्या मुलांनी सुट्टीच्या दोन महिन्यांत एकेक पेठ वाटून घेतली, घरांची मापं काढली आणि म्हाताऱ्यांना बोलतं केलं, तर निम्मं काम तिथंच होईल. आमच्या गल्लीची सुरुवात कुठून करायची, ते मी दाखवीन.