परवाना कुणाला, आणि नकार कशासाठी?

आपल्याकडे बंदूक ठेवायची तर परवाना लागतो, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की तो कुठून आला हे विचारायचंच राहून जातं. आज तेवढंच विचारू.

साल १८७८. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. दख्खनचा मोठा दुष्काळ नुकताच ओसरत होता. त्या एका वर्षात लिटनच्या सरकारने दोन कायदे केले, एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर आणि दुसरा हत्यारांवर. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२मध्ये रद्द केला. हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला. १८५७ची भीती किती खोल होती, ते यावरून कळतं.

आता, परवाना मागणारा कायदा म्हणजे लगेच अन्याय, असं आम्ही म्हणणार नाही. सल होता तो सवलतीचा. कायद्याखालच्या नियमांत युरोपियनांना सूट होती. म्हणजे एकाच गावात गोऱ्या माणसाला परवाना नको, आणि शेजारच्या हिंदी माणसाने, मग तो कितीही सरळमार्गी असो, साहेबाकडे अर्ज करायचा. बरं, 'हत्यार' म्हणजे फक्त बंदूक नव्हे. तलवार, भालासुद्धा त्या व्याख्येत बसत होते. दसऱ्याला घरात पुजायची तलवार कायद्याच्या नजरेत हत्यारच!

१८८७च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना साक्षात गांधीजींनी हा कायदा इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला. अहिंसेचा माणूस असं का म्हणाला? कारण त्यांना यात अविश्वास दिसत होता. १९३०च्या त्यांच्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी परवाने द्या, अशी मागणी आहे, पण लोकांच्या नियंत्रणाखाली. १९३१च्या कराची ठरावातला शस्त्राचा हक्कसुद्धा 'नियमांना अधीन' असाच आहे. खुला बाजार कुणीच मागितलेला नाही.

इथे नाशिकची आठवण होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होतं. बघा, कायद्याने कट अडला नाही, असं कुणी म्हणेल. पण पिस्तुलं थेट लंडनहून लपवून आणावी लागली, हीही त्याच कायद्याची करामत. हा पुरावा कुठल्याही एका बाजूने लढणाऱ्याला पुरा पडत नाही.

स्वातंत्र्य आल्यावर हिशेब चुकता करायची वेळ आली. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरि विष्णु कामत यांनी कराचीची आठवण देत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला. डॉ. आंबेडकरांचं उत्तर रोखठोक होतं. कुणीही उठून बाजारातून हवं ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्य चालवायचं कसं? आणि शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा त्याच्या कर्तव्यावर आपण जोर द्यायला हवा. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही शांततेने आणि विनाशस्त्र.

मग परकीयांचाच कायदा ठेवला काय? नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाने परवाना ठेवला, पण अधिकाऱ्याचेही हात बांधले. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही. नकाराची कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि अपील आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याची तर वेगळी दखल आहे. पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावं लागतं. आम्हाला हा कायद्यातला सगळ्यात समंजस भाग वाटतो, कारण इथे हत्यार पाहून अट बदलते, माणसाची जात-वंश पाहून नव्हे.

अपवाद आहे म्हणा. कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनी दिलेली सूट आजही चालू आहे, २०१९मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. त्यांच्याकडे कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा होते. सणाची बाजू समजते, पण जन्मावरून सूट देणारी ती जुनी रीत आहे हेही खरं.

जबाबदारी पुढे वाढत गेली. २०१६च्या नियमांनी प्रशिक्षण आणि सुरक्षित ठेवणुकीच्या अटी आणल्या. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा केला. कोकणातल्या शेतकऱ्याला तर हे ठाऊकच आहे: डुकरं-माकडांसाठी घेतलेली ठासणीची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि निकालानंतर परत आणायची. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवाना आहे म्हणून जनावर मारता येतंच असं नाही.

एक फट मात्र राहिलीय. नकाराची लेखी कारणं मागितली तर द्यायची, पण 'सार्वजनिक हिताला बाध येईल' असं अधिकाऱ्याला वाटलं तर ती न देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. ते वाटणं कुणी तपासायचं? पुढच्या वेळी अपिलांच्या प्रकरणांकडे वळताना इथूनच सुरुवात करू.